विहिणीचा कोंबडा

"काल लेफिता कुणाच्या दारात शिरली गं?" मांदासीचे, म्हणजे गोड पिठाचे, गोळे तेलात सोडत फानेसीनं विचारलं.

मलावी सरोवराकाठच्या त्या बाजारात फानेसीच्या कढईहून गरम एकच गोष्ट होती, तिची जीभ. लेफिता गावची आरोग्यसेविका. तिच्या खांद्यावरची दवाखान्याची निळी पिशवी ज्या घरी दर आठवड्याला जाते त्या घरात क्षय, हा फानेसीचा रोखठोक हिशेब. याच हिशेबानं तिनं एका शिंप्याची गिऱ्हाइकं तोडली होती आणि एका विधवेला पाण्याच्या रांगेतून उठवलं होतं.

"गोळी म्हणे साक्षीदारासमोरच गिळायची," शेजारची टोमॅटोवाली म्हणाली. "वर तोंड उघडून, जीभ उचलून दाखवायची. साक्षीदार मात्र ज्याचा त्यानं निवडायचा."

"मला मेलं कुणीच निवडत नाही!"

"तुला निवडण्यापेक्षा दवंडीच पिटलेली बरी."

सगळ्या हसल्या. फानेसीही हसली.

"पिशवी काल एनेलेसीकडे गेली होती बघ," टोमॅटोवाली म्हणाली. "मागल्या आठवड्यातही."

फानेसीचा झारा थांबला. एनेलेसी तिची होणारी विहीण. दोन्हीकडच्या मामांनी कोंबडा-कोंबडीची अदलाबदल करून सोयरीक पक्की केलेली. एनेलेसीकडचा तांबडा कोंबडा फानेसीच्या अंगणात मिरवत होता. फानेसीची लेक तादाला तर रोज सकाळी उपाशीपोटीच तिकडे शेंगा फोडायला पळायची. मध्यंतरी काडी झालेली पोर आता कशी भरली होती! सासरचं वारं मानवलं, असं फानेसी चारचौघींत सांगायची.

तिला लेफिताही आठवली. दोनदा येऊन म्हणाली होती, "मावशी, तुम्हीपण एकदा थुंकी तपासून घ्या ना." दोन्ही वेळा फानेसीनं तिला केरसुणीनं वाट दाखवली होती.

संध्याकाळी तिनं लेकीला सुनावलं, "उद्यापासून तिकडे पाऊल टाकायचं नाही. खोकल्याच्या घरात मी पोर द्यायची नाही. सोयरीक मोडली."

तादालाचा चेहरा उतरला. "आई, शेंगा संपेपर्यंत तरी जाऊ दे. थोड्याच राहिल्यात."

"कुजू देत शेंगा!"

"बरं," तादाला म्हणाली.

सकाळी ती बादली घेऊन पाण्याला गेली. फानेसीनं कोंबड्याचे पाय बांधले, त्याला काखेत मारलं आणि तडक एनेलेसीचं अंगण गाठलं.

"हा घ्या तुमचा कोंबडा. आमची कोंबडी आणा."

"विहीणबाई, बसा तरी. पेज घेता?"

"तुमच्या घरची पेज? आधी सांगा, क्षय कुणाला झालाय?"

एनेलेसीनं एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. "मला."

"थापा! चर्चमध्ये सगळ्यांत वरच्या पट्टीत गाता, कधी ठसका लागलेला ऐकला नाही. पोराला झालाय ना?"

"मलाच झालाय म्हणते ना. बाजारात सांगायचं तर सांगा खुशाल. पण नाव माझंच घ्या."

फानेसी चपापली. इतक्या स्वस्तात कुणी आपली अब्रू विकत नाही. हा सौदा काही सरळ नव्हता. ती दाराकडे निघाली तशी एनेलेसी आडवी आली.

"आत नका जाऊ. पाया पडते तुमच्या."

"म्हणजे आतच आहे तर!"

तेवढ्यात कोंबड्यानं पंख फडफडवले आणि तो काखेतून निसटला. एनेलेसी दचकून बाजूला झाली आणि फानेसी आत घुसली.

उंबऱ्याच्या आत तिचीच बादली होती, कोरडी.

चुलीपाशी तादाला बसली होती, हातात पाण्याचा पेला. गोळीच्या कडवटपणानं तिनं डोळे गच्च मिटले होते. पावलं वाजली तशी एनेलेसीच आली असं समजून तिनं मान वर केली, तोंड उघडलं आणि जीभ उचलून दाखवली.