बदलीचा अर्ज

पाटणजवळच्या शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या जंगम सरांना साताऱ्याला बदली हवी होती. आठवड्यानं घरी गेलं की दोन वर्षांची लेक त्यांना ‘काका’ म्हणू लागली होती.

“आवं, सरळ मराठीत लिहा की अर्ज,” बायको म्हणाली. पण इंग्रजीशिवाय साहेबावर छाप पडत नाही, असं सरांचं ठाम मत. महिनाभर त्यांनी डिक्शनरीतले जडजड शब्द अर्थासकट घोकले आणि सगळेच्या सगळे एका पानात कोंबले. पुन्हा वाचताना त्यांचं त्यांनाच नीट कळेना, तेव्हा कुठं समाधान झालं.

पंधरा दिवसांनी हेडमास्तरांनी उत्तर वाचून दाखवलं.



“बदली नामंजूर. इतकं उत्तम इंग्रजी येणारा शिक्षक तालुक्याबाहेर सोडता येणार नाही. दहावीचं इंग्रजी यापुढे यांच्याकडेच द्यावं.”