रोवणा

सिहोऱ्याचा सुखराम म्हणजे सदा गालात तंबाखूची गोळी. अठ्ठ्याऐंशी साली नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या पडलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवण्यासाठी जबड्यात स्क्रू बसवला.

"हाडानं धरेपर्यंत हलवून बघायचं नाही. तंबाखू बंद. नाहीतर स्क्रू निघून येईल."

सुखराम नुसता मान डोलवत राहिला. ह्याला काही कळलेलं नाही, असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावर त्याला स्वच्छ दिसलं.

चार महिन्यांनी स्क्रू एकदम घट्ट!

"अहो, शिकलेली माणसंही रोज बोट लावून बघतात. तुम्ही कसा धीर धरला?"

सुखराम खुशीत हसला. "धानाचा रोवणा झाल्यावर, मुळी धरली का म्हून कोनी उपटून पाह्यते काय, डाक्टरसाहेब?"

"आणि तंबाखू?"

"नव्या रोवण्यात ढोरं सोडत नाही आमी."