मामांना सांगा, मागं फिरा

“आत्या, मामांना सांगा, मागं या म्हणून! माझं औषध तितक्या लांब पोचत न्हाई!”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली सौम्या फोनवरची नजर न काढता ओरडली. मधल्या खोलीत तिची सासू निलम्मा तुरीची डाळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि ओसरीकडं तोंड केलं.

“अहो, सून म्हणायलीय, मागं या. तिचं औषध पोचत न्हाई.”

ओसरीवर खुर्चीत बसून सिद्धलिंगप्पा आपल्या फोनवर तलवार चालवत होते. “तिला सांग, मी एकदा पुढं गेलो की मागं येत नसतो.”

हे सौम्याला स्वच्छ ऐकू आलं. तरी निलम्मानं निरोप पोचवला. जरा निवडून, डाळीसारखा. “येतो म्हणायलेत.”

सासऱ्या-सुनेत भांडण नव्हतं. रीत होती. लग्न होऊन मैलूरला आल्यापासून सौम्या मामांशी थेट बोललीच नव्हती. भाकरी हवी का, गोळी घेतली का, लाइटबिल भरलं का, सगळं आत्यांमार्फत. तिचा नवरा रविकुमार नोकरीला हैदराबादला जाताना दोघांच्या फोनमध्ये हा गेम घालून गेला, करमेल म्हणून. गेममध्ये माइक होता. पण माइकवर बोललं तरी ते बोलणंच की. त्यामुळं आखाड्यात दोघं जोडीनं लढायचे आणि हुकूम मात्र निलम्माच्या तोंडून जायचे. तिला विचारल्याशिवाय या घरात मीठसुद्धा इकडचं तिकडं होत नव्हतं, आणि हे तिला फार आवडायचं.

मामा योद्धा, सौम्या हीलर. तिच्याकडं तलवार नव्हती, काठी होती. काठी फिरवली की हिरवा उजेड निघायचा आणि मामांची रक्ताची लाल पट्टी पुन्हा भरायची. मारल्याचं नाव मामांचं व्हायचं. जिवंत ठेवल्याचं कुणाचंच होत नसे.

आज मात्र गोष्ट मिशीवर आली होती. समोरची जोडी कमठाण्याची, व्याही मल्लिकार्जुन आणि त्यांचा मुलगा अमरेश. म्हणजे सौम्याचे अप्पा आणि तिचा सख्खा भाऊ. एका लग्नात, भर पंगतीत, दोन्ही व्याह्यांनी पैज लावली होती. हरेल त्यानं मिशी उतरवायची. सिद्धलिंगप्पांची मिशी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही होती. त्या फोटोत नवरीपेक्षा तीच ठळक दिसायची.

“पळाले!” सिद्धलिंगप्पा खुर्चीतून उठलेच. “व्याही पळाले! आता सोडत न्हाई!”

पडद्यावर मल्लिकार्जुनांचा योद्धा पाठ दाखवून पडक्या खांबांकडं धावत होता. सौम्याला ते पळणं ओळखीचं वाटलं. लहानपणी शिवाशिवी खेळताना अप्पा असेच पळायचे. लंगडत, धापा टाकत. हात लावायला जावं, तर कणगीमागून अमरेश झडप घालायचा.

“आत्या, सांगा लवकर! अप्पा पळायले न्हाईत, फसवायलेत! खांबामागं अमरेश दडलाय!”

“तुझे अप्पा पळायलेत?” निलम्मानं चष्मा सावरला. “त्यांचा तर गुडघा दुखायलाय ना?”

“गेममधी, आत्या!”

“मग तसं सांग की. अहो, ऐकलं का...”

तेवढ्यात खांबामागून अमरेश सुटला. मल्लिकार्जुन गर्रकन वळले. दोघांच्या मध्ये मामा. लाल पट्टी सरसर उतरली. निम्मी झाली, बोटभर झाली, मिशीच्या केसाएवढी उरली.

सौम्या उठली. सूप ओलांडून, सासू ओलांडून, थेट ओसरीत.

“मामा, मागं फिरा!”

सिद्धलिंगप्पांनी दचकून मान वर केली. त्यांच्यासमोर सून उभी होती. पदर खांद्यावरच राहिला होता, पायाला डाळ चिकटली होती. निलम्मानं सवयीनं तोंड उघडलं. “अहो, सून म्हणायलीय, मागं...”

“ऐकलं की! तू मधी बोलू नको!”

आणि ते मागं फिरले. सौम्यानं काठी फिरवली. हिरवा उजेड भस्सकन मामांच्या अंगावर पडला.

“डावीकडं, मामा! अमरेश!”

“व्हय!”

“आता उडी!”

“मारली!”

“माझ्यापासून लांब जाऊ नका!”

“कशाला जातोय!”

अमरेश पडला. मल्लिकार्जुन एकटेच राहिले. सिद्धलिंगप्पांचा अंगठा थांबला. “पोरी, तुझे अप्पा हायेत.”

“हाणा, मामा!”

त्यांनी हाणलं. ओसरीत असा आरडाओरडा झाला की शेजारची नागव्वा बघायला दारात आली आणि कुणी पडलं-बिडलं नाही हे पाहून परत गेली. लगेच कमठाण्याहून फोन आला.

“सौम्या, तू माझी लेक का त्यांची सून?”

“अप्पा, मी हीलर.”

“बापाची मिशी घालवलीस!”

“येईल की परत. डोईचे केस हायेत का बघा आधी.”

सिद्धलिंगप्पा हसून हसून खुर्चीत कलंडले. मग दोघांच्या बोलण्याला खळच राहिला नाही. मामा विचारत होते, खांबामागचं तुला कसं कळलं? सौम्या सांगत होती, कणगी, शिवाशिवी, अप्पांचं खोटं लंगडणं. मामा म्हणाले, मला कामून न्हाई सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं होतं की. इतकी वर्षं साचलेलं सगळं एकदम सुटलं होतं.

मधल्या खोलीत सूप वाजलं. जरा जास्तच वाजलं. मग स्वयंपाकघरात भांडी वाजली. थोड्या वेळानं निलम्मा कपबशी घेऊन ओसरीत आली. नवऱ्यापुढच्या स्टुलावर ती ठण्णकन ठेवली, त्यांच्याकडं पाठ केली आणि म्हणाली,

“सौम्या, तुझ्या मामांना सांग, चहा निवायलाय.”