हेराची छाप

"छाप अठरापैकी तीनच?" ऑरिन सगळ्यांदेखत म्हणाला. "अरे, याला कुत्रंसुद्धा विचारणार नाही!"

विस्कॉन्सिनच्या थंडीत आम्ही दर रविवारी ऑरिनच्या तळघरात जमतो आणि फासे टाकून योद्धे-जादूगारांचा खेळ खेळतो. 'हेर' हा पात्राचा नवा प्रकार मी बनवला होता. वाटायला गुण मोजकेच, आणि ताकद, अक्कल, चपळाई भरपूर द्यायची होती, म्हणून समोरच्यावर पडणारी छाप पार तळाला नेली होती.

आमचा रिवाज असा, की ज्यानं पात्र बनवलं त्यानं पहिल्या खेळात मागे गप्प बसायचं. मी बसलो. आर्डिस हेर घेऊन खेळली आणि तिनं ड्रॅगनच्या डोळ्यांदेखत खजिना उचलून आणला.

"काय भन्नाट बनवलायस रे, ऑरिन!" ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी बनवलाय!" मी ओरडलो. कुणी मान वळवली नाही. पुन्हा ओरडलो. आर्डिसनं चीजचा तुकडा तोंडात टाकला.

"आवडला ना?" ऑरिन लाजल्यासारखा हसला.

मी हात लांब करून आर्डिसचा खांदा हलवला. माशी बसल्यासारखा तिनं तो झटकला.

मग तिला उकडायला लागलं. जाड कोट काढून ती वळली आणि सरळ माझ्याकडे बघत तिनं तो खुंटीवर टांगावा तसा माझ्या डोक्यावर टांगला.

कोटाखालच्या अंधारात मला ऑरिनचा आवाज आला, "तिथे नको गं, तो बसलाय अजून."

सगळे खदाखदा हसले. ऑरिनच्या विनोदावर सगळे नेहमीच हसतात.