पऱ्हाटीवरची चिठ्ठी

बायको सोनीबाई गेल्याचं रामधनला कळलं तेव्हा तो दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर उभा होता. खालून कुणीतरी त्याच्याकडे फोन दिला. तांड्यावरून देवीलाल गुरुजी बोलत होते.

"रामधन, आधी खाली उतर," एवढंच ते म्हणाले.

खाली उतरेपर्यंत त्याला समजलं होतं.

तेरावं झालं. नातेवाईक आपापल्या गावी गेले. मूलबाळ नव्हतं. घर रिकामं झालं तेव्हा त्यानं नाताळची पेटी उघडली.

अख्ख्या तांड्यात नाताळ फक्त त्यांच्या घरी होत असे. लग्नाआधी सोनीबाई यवतमाळच्या एका मिशन वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तो सण तिनं तिथून आणला. लोक त्याला सोनीबाईची दुसरी दिवाळी म्हणत आणि केक खायला वेळेवर येत. कपाशीची बोंडांसकट उपटलेली पऱ्हाटी ती पत्र्याच्या डब्यात रोवायची. "बर्फ घरचाच हाय," म्हणायची. दारावर बांबूच्या कामट्यांची चांदणी लावायची. कढईत वाळू घालून गुळाचा केक भाजायची. दिवेलागण झाली, लोक गेले, की पऱ्हाटीत खोचलेली चिठ्ठी काढायची.

चिठ्ठी रामधनसाठी असे. त्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून तीच वाचून दाखवायची. वर्षभर न बोललेलं त्यात असायचं. 'तुमचा नवा सदरा उंदरानं नाही खाल्ला, म्याच जाळला.' 'पुसदच्या बाजारात मले इसरून तुमी बसमधी बसले, ते म्या अजून माफ नाही केलं.' वाचता वाचता ती मान वर करून त्याच्याकडे बघायची, तरी एका शब्दाला अडखळायची नाही. माझी बायको मिशनमधली, शिकलेली, असं तो चारचौघांत सांगायचा.

"मलेबी शिकव ना," तो दर वर्षी म्हणायचा.

"पुढच्या नाताळले," ती म्हणायची. "अन् तवरोक आपली चिठ्ठी दुसऱ्याच्या तोंडून आयकाची नाही."

पेटीत चांदणी होती, केकचा डबा होता, एकोणतीस जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. गठ्ठ्यावर एक नवी घडी होती. दिवाळी झाल्याबरोबर ती लिहून ठेवायची. यंदाचीही ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो देवीलाल गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसला.

"गुरुजी, मले वाचाले शिकवा. नाताळच्या आत."

"साठीत बालवाडी? काहून रे?"

"बसची पाटी वाचाची हाय."

"आतापर्यंत कोन वाचे?"

"सोनी कंडक्टरले इचारे. पाट्या चुकीच्या राह्यते म्हने."

गुरुजींनी पाटी आणली.

रामधननं जिनिंगचं काम सोडलं. चुलीच्या कोळशानं भिंतीवर 'र' काढला, त्याच्याखाली 'स' काढला. भाकर करपली तरी त्याचं लक्ष नसायचं. कोनाड्यात औषधाच्या बाटल्यांना सोनीबाईनं बांधलेले दोरे तसेच होते. लाल सकाळचा, हिरवा रात्रीचा. तुमच्या सोयीसाठी, असं ती म्हणायची.

तिचा आवाज मात्र कानातून निघून चालला होता. ती 'अवो' म्हणायची ते आठवायला आधी पटकन जमायचं, आता डोळे मिटून बसावं लागायचं. कागदावर तो आवाज तेवढा उरला होता. दिवसातून दहादा तो घडी हातात घ्यायचा आणि न उघडता ठेवून द्यायचा.

डिसेंबरच्या मध्यावर जोडाक्षरांपाशी तो अडला. त्यानं पाटी ओट्यावर आपटली.

"चिठ्ठी हाय ना सोनीबाईची?" गुरुजी म्हणाले. "आन इकडं. दोन मिनिटाचं काम हाय."

"नाही. माह्यी हाय ती. मीच वाचीन."

"अन् नाही जमलं तं?"

"तं मंग ती खरंच मेली, गुरुजी."

गुरुजींनी पाटी पुसून पुन्हा त्याच्या हातात दिली.

पंचवीस तारखेला केक खालून जळला. पऱ्हाटी डब्यात एका अंगाला कलली, ती त्यानं दगड लावून सरळ केली. शेजारची माणसं आली, करपलेला केक चांगला झाला म्हणून गेली. दिवेलागणीला त्यानं चांदणी लावली, पऱ्हाटीसमोर बसला आणि घडी उघडली.

आधी त्यानं आपलं नाव शोधलं. सापडलं नाही. कागद उलटा धरला असेल म्हणून फिरवला. चष्मा सदऱ्याला पुसला. पुन्हा वरून सुरुवात केली. महिनाभराचं सगळं डोक्यातून गेलं, असं वाटून त्यानं केकच्या डब्यात अंथरलेला पेपर ओढून काढला.

'सो-या-बी-न-चे भा-व प-ड-ले.'

येत होतं. खालची ओळही आली.

मग त्यानं जुना गठ्ठा सोडला. एकोणतीस चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या आणि एकेक उचलून डोळ्यांजवळ धरली. प्रत्येक कागदावर वर सरळ रेघ होती, रेघेखाली ओळीनं नुसती वाकडी वळणं, गोळे, पुन्हा वळणं. पान भरेपर्यंत. कुठंही 'र' नव्हता. एकाही कागदावर एकही अक्षर नव्हतं.

रामधनला आता वाचता येत होतं. सोनीबाईला शिकवायचं राहून गेलं.