मापाहून लहान चुडा

मी जिन्यावरून पडली तवापासून साधा चमचा पडला तरी डोक्यात खिळा ठोकल्यावानी वाटते. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, “मेंदूला मार आहे, घरात आवाज नको.” त्याच दिवशी धाकट्या जावेनं हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. “किती जीव लावते!” सासू म्हणे. पण मी कासारीण आहो, घरातल्या साऱ्याईच्या बांगड्या मीच भरते. पडाच्या आधी माझ्यामागं चिरलेली बांगडी बद्द वाजली अन् पाठीत धक्का बसला. ती बांगडी कोणाच्या हातातली, मले विचारा लागत नाही. आज नणंदेची हळद. मोकळे हात चालत नाही, म्हणून जावेनं माझ्यापुढं हात केला. मी मापाहून लहान चुडा दाबून भरला. “ताई, ह्या तर निघतच नाही!” “काढाच्या काऊन?” एकेक बांगडी वाजली तशी कपाळात कळ गेली. तरी दोन्ही हात भरले. “वाजू दे. आता तू मागून आली का मले समजते.”