आइनोबाईंचा पाव

रेजाँने काचेच्या बरणीत हात घातला, चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली, "शाब्बास." बक्षीस काही नाही, नुसतं शाब्बास. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉ. डेस्मंड हर्लीने अभिमानाने पाहुणीकडे पाहिलं.

पाहुणी म्हणजे अनुदानाचा अर्ज तपासायला टोरांटोहून आलेल्या मार्केटीबाई. सडबरीतलं, चर्चच्या तळघरातलं हे दारूमुक्ती केंद्र चालू ठेवायचं की नाताळानंतर बंद करायचं, हे त्या आज ठरवणार होत्या. बाहेर बर्फ, त्यामुळे सगळ्यांचे बूट दाराशी होते आणि बाईही नुसत्या मोज्यांतच बसल्या होत्या. डेस्मंडच्या डाव्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. तो त्याने उजव्या पायाखाली दाबून धरला होता.

माणूस दारूपासून कसा सुटतो, या एका प्रश्नावर डेस्मंडने उभी हयात घालवली होती. त्याची पद्धत साधी होती. नळीत फुंकायचं, श्वासात दारू नसेल तर बरणीतून चिठ्ठी काढायची. कुठल्या चिठ्ठीवर हातमोजे, कुठल्यावर कॉफीचा मग, एखादीवर टीव्ही, आणि बऱ्याचशा नुसत्या शाब्बास. पूर्वी माणसं महिनाभर यायची आणि गळायची. गेली दोन वर्षं मात्र एकही गळाला नव्हता. डेस्मंडने शाब्बासच्या चिठ्ठ्या जराशा कमी केल्या होत्या, आणि ही सगळी किमया त्याचीच, असं त्याने तीन शोधनिबंधांत सिद्ध केलं होतं. तिन्हींपैकी एकही त्याच्या बायकोने वाचला नव्हता.

"चिठ्ठ्यांचं प्रमाण बदललं म्हणून तुम्ही टिकलात, असं डॉक्टर म्हणतात," मार्केटीबाई रेजाँला म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

रेजाँ खाणीत ट्रक चालवायचा. त्याने डोकं खाजवलं. "प्रमाण बदललं? कधी?"

आइनोबाईंनी घसा साफ केला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या या फिनिश बाईंनी थर्मासातल्या कॉफीत व्होडका घालून वर्षानुवर्षं याच चर्चमध्ये पियानो वाजवला होता, आणि एक सूर चुकू दिला नव्हता. दर गुरुवारी त्या वेलदोड्याचा गोड पाव घरी भाजून पिशवीतून आणायच्या.

"खरं सांगू का? डॉक्टर फार बोलायचे हो. त्यापेक्षा आमच्या पाद्र्याचं प्रवचन परवडलं. आलेख काय, प्रयोगातले उंदीर काय. माणसं कंटाळून उठायची ती थेट बारमध्ये जाऊन बसायची. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. डॉक्टर बोलत सुटले, की पाव पिशवीत. त्यांनी कोणाला काही विचारलं आणि गप बसून ऐकलं, की लगेच एक तुकडा पुढे."

"लोणी लावून," रेजाँ म्हणाला.

"पुढे पुढे कधी द्यायचो, कधी नाही. सवय पक्की करायची तर तसंच करावं, हे तुम्हीच शिकवलंत ना, डॉक्टर?"

सगळे माना खाली घालून हसू दाबत होते. डेस्मंडचे कान तापले. गुरूची विद्या गुरूला, तीही लोणी लावून. दोन वर्षांत त्याचं पोट सुटलं होतं, बायकोने मोठ्या मापाच्या पँटी आणल्या होत्या, आणि तो मात्र परिषदांमधून सांगत होता की वयाबरोबर आपल्याला ऐकण्याची गोडी लागली. उभ्या हयातीचं काम एका पावाने गिळलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"डॉक्टर, यावर तुमचं काय म्हणणं आहे?" मार्केटीबाईंनी विचारलं.

म्हणणं होतं. अर्ध्या तासाचं होतं, आलेखांसकट. त्याने तोंड उघडलं. आइनोबाईंनी शांतपणे पिशवीला गाठ मारली.

त्याने तोंड मिटलं. समोर रेजाँ बसला होता. फार पूर्वी हाच रेजाँ थोडे दिवस येऊन गायब झाला होता आणि नंतर कितीतरी काळ पीत राहिला होता. शोधनिबंधात तो 'गळालेल्यां'मध्ये मोजला गेला. का गळाला, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"रेजाँ, पहिल्यांदा आलास, तेव्हा मधेच का रे गेलास?"

रेजाँने टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझा भाऊ गेला होता त्या आठवड्यात. खाणीतच. तेच सांगायला आलो होतो. तुम्ही फळ्यावर काहीतरी काढत होतात. म्हटलं, यांचं होऊ दे आधी. ते काही झालंच नाही."

डेस्मंडने खुर्ची पुढे ओढली. अंगठा बाहेर आला, तो तसाच राहिला.

"नाव काय होतं त्याचं?"

"ल्यूक," रेजाँ म्हणाला, आणि सांगू लागला. गोठलेल्या तळ्यावर दोघं मासे धरायला जायचे ते, ल्यूकची उधारीवर घेतलेली गाडी, शेवटच्या दिवशी त्याच्याशी झालेलं भांडण. मार्केटीबाईंनी अर्जातले 'चिठ्ठ्यांचं प्रमाण' हे शब्द खोडले आणि खाली मंजुरीची सही केली. ते डेस्मंडला दिसलं नाही. आइनोबाईंनी गाठ सोडली, पावाचा चांगला जाड तुकडा लोणी लावून त्याच्या पुढ्यात ठेवला. तोही त्याला दिसला नाही. लोणी विरघळून पावात मुरलं, कॉफी गार झाली, आणि तो ऐकतच होता.

आइनोबाई मार्केटीबाईंच्या कानाशी लागल्या.

"बरे झाले हो डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आता पाव नाही आणला तरी चालेल."